शहराचा माठ

प्रस्तावना

उन्हाळ्याच्या संध्याकाळी अंगणात सडा टाकण्याची रीत आपल्याकडे फार जुनी आहे. तापलेल्या मातीवर पाणी पडताच प्रथम एक ऊन वाफारा उठतो आणि थोड्याच वेळात त्या अंगणात बाज टाकून बसावेसे वाटू लागते. खिडकीला लावलेला वाळ्याचा ओला पडदा, माठाभोवती गुंडाळलेले ओले फडके, दुपारी छपरावर शिंपडलेले पाणी, या साऱ्यांमागे एकच तत्त्व आहे. पाण्याची वाफ होताना ते भोवतालची उष्णता आपल्याबरोबर घेऊन जाते.

हे तत्त्व एका माठापुरते किंवा एका अंगणापुरते आपल्या चांगले परिचयाचे आहे. पण एखाद्या संपूर्ण शहराला ते लागू पडते का? शहरातील तळी बुजली, आटली किंवा त्यांच्या भोवतालची माती सिमेंटखाली गेली, तर त्या शहराच्या हवेत काय फरक पडतो? प्रस्तुत पाठात या प्रश्नाचा विचार आपण बंगळुरू शहराच्या, विशेषतः त्याच्या दक्षिण भागातील जे. पी. नगर या वसाहतीच्या आधारे करणार आहोत.

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर तळे आणि हवेतील उष्णता यांचा संबंध तुम्हांला सांगता येईल. जमिनीचा वापर बदलला की तळ्याचे काय होते, याचे कारणासह स्पष्टीकरण करता येईल. आणि तुमच्या गावातील किंवा शहरातील एखाद्या तळ्याकडे त्याच दृष्टीने पाहता येईल.

मूलपाठ

१. तळ्यांची माळ

बंगळुरू समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर, दख्खनच्या पठाराच्या एका उंच माथ्यावर वसलेले आहे. या शहराला मोठी बारमाही नदी नाही. इ. स. १५३७ च्या सुमारास केंपेगौडा या नायकाने येथे मातीचा कोट बांधून पेठा वसवल्या, तेव्हा पाण्याचा प्रश्न त्याच्यासमोर प्रथम उभा राहिला असणार. त्याचे उत्तर म्हणजे तळी. त्याने व त्याच्या वंशजांनी, आणि त्यांच्याही आधी त्या परिसरातील गावोगावच्या लोकांनी, उतारावरून वाहणारे पावसाचे पाणी बांध घालून अडवले. वरच्या तळ्याचा सांडवा भरून वाहू लागला की ते पाणी ओढ्यावाटे खालच्या तळ्यात जाई. ते भरले की त्याखालच्या. असे एकामागून एक तळे माळेतील मण्यांप्रमाणे ओवलेले होते. १६३८ साली विजापूरकरांनी हे शहर जिंकले आणि पुढे ते शहाजीराजांच्या जहागिरीत आले. मराठी माणसाला बंगळुरूचे नाव ओळखीचे वाटते ते यामुळे.

कानडीत तळ्याला ‘केरे’ म्हणतात, पाण्याच्या पाटाला ‘कालुवे’ आणि मुख्य पाटाला ‘राजकालुवे’. तळ्याचे पाणी कोणत्या शेताला केव्हा द्यायचे, हे ठरवणारा गावकामगार म्हणजे ‘नीरगंटी’. आपल्याकडील पाटकऱ्याचा हा सख्खा भाऊच म्हणावा लागेल. उन्हाळ्यात तळ्याच्या तळाशी साठलेला गाळ काढून शेतात टाकला जाई. शेताला खत मिळे आणि तळ्याला खोली. भंडारा-गोंदिया भागातील मालगुजारी तलाव ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना ही व्यवस्था समजून घेण्यास अडचण पडणार नाही.

नळाचे पाणी आल्यावर ही व्यवस्था ढासळू लागली. १८९० च्या दशकात हेसरघट्टा येथून, १९३३ पासून तिप्पगोंडनहळ्ळीच्या जलाशयातून आणि १९७४ पासून सुमारे शंभर किलोमीटर अंतरावरील कावेरीतून शहराला पाणी मिळू लागले. ज्या तळ्याचे पाणी कोणी पीत नाही व ज्याच्यावर कोणाचे शेत भिजत नाही, ते तळे लोकांच्या नजरेत रिकामी जागा ठरू लागते. बंगळुरूचे मुख्य बसस्थानक धर्मांबुधी तळ्याच्या तळावर उभे आहे. कंठीरव क्रीडांगण संपंगी तळ्याच्या जागी आहे. यात बंगळुरूला एकट्याला दोष देण्याचे कारण नाही. मुंबईच्या धोबी तलावात आज तलाव नाही आणि गोवालिया टँकचे ऑगस्ट क्रांती मैदान झाले आहे. पुण्याला पर्वतीच्या पायथ्याशी पेशव्यांनी बांधलेल्या तळ्याच्या जागी सारसबाग बहरली आहे. कोल्हापूरचे कपिलतीर्थ आता भाजी मंडईच्या नावापुरते उरले आहे. पाणी गेले तरी नाव मागे राहते. जुन्या गावठाणातून हिंडताना हे लक्षात ठेवले तर हरवलेली तळी शोधण्यास फार कष्ट पडत नाहीत.

जे. पी. नगराच्या परिसरातही तसेच आहे. जयप्रकाश नारायण यांचे नाव धारण करणारी ही वसाहत सारक्की, जरगनहळ्ळी, पुट्टेनहळ्ळी अशा गावांच्या शेतजमिनींवर वसली आणि टप्प्याटप्प्याने दक्षिणेकडे पसरत गेली. ‘हळ्ळी’ म्हणजे गाव. शेजारच्या अरेकेरे या वस्तीच्या तर नावातच ‘केरे’ आहे. जिथे गाव तिथे तळे, हा येथील जुना नियम होता.

पाठगत प्रश्न १
(अ) ‘राजकालुवे’ या शब्दाचा अर्थ सांगा.
(आ) नळाचे पाणी आल्यावर तळ्यांकडे दुर्लक्ष का झाले?

२. माठ गार का राहतो

आता पाठाच्या मुख्य विषयाकडे वळू. एक लिटर पाण्याची वाफ होण्यासाठी सुमारे २,४०० किलोजूल उष्णता लागते. विजेच्या मापात सांगायचे तर ही उष्णता जवळजवळ पाऊण युनिटाच्या जवळपास, नेमके म्हणजे ०.६७ युनिट एवढी भरते. माठातून पाझरलेले पाणी ही उष्णता माठातील उरलेल्या पाण्याकडून घेते, म्हणून ते गार होते. आपल्या अंगावरचा घाम हेच काम करतो. दमट दिवसांत घाम वाळत नाही, म्हणून जीव अधिक कासावीस होतो.

तळे हा शहराचा माठ आहे. पुट्टेनहळ्ळीचे तळे घ्या. जे. पी. नगराच्या सातव्या टप्प्यातील हे तळे लहानच आहे. त्याचे क्षेत्र सुमारे १३ एकर, म्हणजे साधारण ५२,६०० चौरस मीटर. एप्रिलच्या एका दिवसात त्याच्या पृष्ठभागावरून ५ मिलिमीटर पाण्याची वाफ होते, असे आपण हिशेबापुरते धरू. पाच मिलिमीटर म्हणजे करंगळीच्या नखाएवढेही नाही. पण त्या सर्व पृष्ठभागाचा विचार केला तर ते २ लाख ६० हजार लिटरांहून अधिक पाणी होते आणि त्याची वाफ होण्यासाठी सुमारे पावणेदोन लाख युनिटांएवढी उष्णता खर्च होते. घरगुती वापराचे दीड टनी वातानुकूलन यंत्र एका तासात सुमारे ५.३ युनिट उष्णता खोलीबाहेर काढते. म्हणजे अशी चार हजारांहून अधिक यंत्रे दिवसाचे आठ तास चालवली, तर जेवढी उष्णता हलवली जाईल, तेवढी एक लहानसे तळे मुकाट्याने हलवते. त्यासाठी विजेचे देयक येत नाही. शिवाय यंत्र खोलीतील उष्णता गल्लीत आणून टाकते आणि स्वतः चालण्यासाठी लागलेल्या विजेची उष्णताही तीत भर घालते. आतला माणूस सुखावतो आणि बाहेर हातगाडीवर केळी विकणारा अधिक तापतो.

हा हिशेब वाचून तळ्याशेजारी राहणाऱ्याला दुपारी थंडी वाजत असेल, असा समज करून घेऊ नये. वाफेने वाहून नेलेली उष्णता बहुतांशी सूर्यप्रकाशातून आलेली असते. तीच उष्णता कोरड्या जमिनीवर किंवा डांबरावर पडली असती तर जमीन तापली असती आणि जमिनीने हवा तापवली असती. ती वेळ तळ्यामुळे टळते, एवढाच याचा अर्थ.

पाण्याचा दुसरा गुण असा की ते सहजासहजी तापत नाही. एक किलो पाणी एक अंशाने तापवण्यास जेवढी उष्णता लागते, तेवढ्याच उष्णतेने एक किलो काँक्रीट साडेचार ते पाच अंशांनी तापते. त्यातच सूर्यप्रकाश पाण्यात खोलवर शिरतो आणि पाणी हलत राहते. त्यामुळे उष्णता एका पातळ थरात कोंडून राहत नाही. उलट, डांबरी रस्ता काळा असल्याने त्याच्यावर पडलेल्या उन्हापैकी नव्वद टक्क्यांच्या आसपास भाग शोषून घेतो, त्यात पाणी नसल्याने वाफ होत नाही, आणि दिवसभर साठवलेली उष्णता तो सूर्यास्तानंतर हळूहळू सोडत राहतो. उंच इमारतींच्या अरुंद गल्लीत ही उष्णता आकाशाकडे निसटण्याऐवजी एका भिंतीकडून दुसरीकडे जात राहते. म्हणून मोकळ्या माळावर रात्री नऊला गारवा उतरतो, तेव्हा शहरातील गल्लीत भिंतीला हात लावला तर ती अजून कोमट असते.

शहर हे भोवतालच्या खेड्यांपेक्षा उष्ण असते, ही गोष्ट ल्यूक हॉवर्ड या इंग्रज निरीक्षकाने लंडनच्या तापमानाच्या नोंदी ठेवून १८१८ च्या सुमारास दाखवून दिली होती. हा फरक रात्री अधिक जाणवतो, हेही त्याच्या ध्यानात आले होते. अशा शहराला आज ‘नागरी उष्णद्वीप’ म्हणतात. गार समुद्रात बेट उठून दिसावे, तसे उष्णतेच्या नकाशावर शहर उठून दिसते.

येथे एक सावधगिरीची सूचना देणे आवश्यक आहे. वर्तमानपत्रांत छापले जाणारे लाल-पिवळे नकाशे बहुधा उपग्रहाने टिपलेले असतात. उपग्रह मोजतो ते छपराचे, रस्त्याचे आणि पाण्याच्या पृष्ठभागाचे तापमान. हवामान खात्याचे केंद्र मोजते ते सावलीतील हवेचे. दुपारी पत्र्याचे छप्पर पन्नास अंशांच्या वर गेले म्हणून हवाही तेवढी तापली, असे होत नाही. त्यातही लँडसॅटसारखा उपग्रह एखाद्या ठिकाणावरून साधारणतः सकाळी साडेदहाच्या सुमारास जातो. त्याच्या चित्रात तळे गर्द निळे, म्हणजे थंड दिसते. रात्री मात्र चित्र पालटू शकते. दिवसभरात सावकाश तापलेले पाणी रात्री सावकाशच निवते. त्यामुळे पहाटे तळे हे शेजारच्या गवताळ माळापेक्षा किंचित उबदार असू शकते. तळ्यामुळे हवेतील ओलावाही थोडा वाढतो. तळ्याचे गुण सांगताना या मर्यादा लपवण्याची गरज नाही. दिवसाच्या उन्हात, वारा वाहत असताना, काठापासून काहीशे मीटरांपर्यंत तळ्याचा प्रभाव विशेष जाणवतो. आणि काठावर झाडे असतील तर तो अधिक जाणवतो.

झाडांविषयी बंगळुरूतच झालेला एक अभ्यास लक्षणीय आहे. हरिणी नागेंद्र व त्यांच्या सहकाऱ्यांनी शहरातील रस्त्यांच्या सावलीच्या व बिनसावलीच्या भागांची मोजणी केली. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात दुपारच्या वेळी झाडांखालील हवा ५.६ अंशांपर्यंत, तर डांबराचा पृष्ठभाग तब्बल २७.५ अंशांपर्यंत कमी तापलेला आढळला. पानांतूनही पाण्याची वाफ होत असते आणि त्या वाफेला लागणारे पाणी मुळे मातीतून ओढतात. माती कोरडी असेल तर झाडाचाही माठ रिकामाच राहतो.

पाठगत प्रश्न २
(अ) समान उष्णता दिल्यास एक किलो पाणी व एक किलो काँक्रीट यांपैकी कोण अधिक तापेल?
(आ) उपग्रह व हवामान केंद्र यांच्या तापमान मोजण्यात कोणता फरक आहे?

३. माठ कोण भरते

माठ गार राहण्यासाठी त्यातील पाणी सतत कमी होत राहिले पाहिजे, आणि पाणी कमी होते म्हणून तो कोणीतरी पुन्हा भरला पाहिजे. तळ्याचेही तसेच आहे. आपण दिवसाला ५ मिलिमीटर वाफ होते असे उन्हाळ्यापुरते धरले होते. वर्षाची सरासरी जरा कमी, ४ मिलिमीटर धरली, तरी वर्षभरात १,४६० मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ दीड मीटर उंचीचे पाणी उडून जाते. बंगळुरूला वर्षाकाठी सुमारे ९७० मिलिमीटर पाऊस पडतो. म्हणजे तळ्याच्या अंगावर पडणारा पाऊस तळ्याची तहान भागवण्यासही पुरत नाही. जमिनीत मुरणारे पाणी तर आपण हिशेबात धरलेलेच नाही.

मग जुन्या काळी तळी भरत होती ती कशी? उत्तर सोपे आहे. तळ्याच्या पाण्याची खरी कमाई तळ्याबाहेर होते. भोवतालच्या शेतांवर, माळांवर आणि बांधांवर पडलेल्या पावसाचा काही भाग उतारावरून पाटांत येई आणि पाटांतून तळ्यात. काही भाग जमिनीत मुरून पुढे महिनोन् महिने झऱ्यांच्या रूपाने तळ्याला मिळत राही. ज्या क्षेत्रातून असे पाणी येते, त्याला त्या तळ्याचे पाणलोट क्षेत्र म्हणतात. तळे १३ एकरांचे असले तरी त्याला पोसणारी जमीन त्याच्या कितीतरी पट मोठी असते. सातबाऱ्यावर अथवा नगरपालिकेच्या नकाशावर मात्र १३ एकरांनाच ‘तळे’ म्हटले जाते. उरलेल्या जमिनीचा वापर बदलला की तळ्याला धक्का न लावतादेखील ते मारता येते.

बंगळुरूमध्ये हा बदल किती वेगाने झाला, याची मोजदाद भारतीय विज्ञान संस्थेतील टी. व्ही. रामचंद्र व त्यांच्या सहकाऱ्यांनी उपग्रहचित्रांच्या साहाय्याने केली आहे. त्यांच्या अभ्यासानुसार १९७३ साली शहराच्या क्षेत्रापैकी सुमारे ८ टक्के भागावर बांधकाम होते आणि ६८ टक्के भाग झाडाझुडपांनी व पिकांनी व्यापलेला होता. २०१० साली बांधकामाचा भाग ५४ टक्क्यांवर गेला आणि हिरवा भाग २३ टक्क्यांवर आला. पाण्याखालचे क्षेत्र ३.४ टक्क्यांवरून ०.९ टक्क्यांवर उतरले. या आकड्यांत पाण्याचा आकडा सर्वांत लहान दिसतो, त्यामुळे नजर त्याच्यावरून सहज घसरते. पण आधीच थोडे असलेले पाणी जवळजवळ चौथ्या हिश्श्यावर आले, आणि त्याच काळात त्याला पोसणारी हिरवी जमीन एक तृतीयांश उरली, असे हे दोन आकडे एकत्र वाचले पाहिजेत.

काँक्रीटवर पडलेले पाणी मुरत नाही, ते धावते. त्यामुळे पावसाळ्यात राजकालुवे ओसंडून रस्त्यांवर व घरांत पाणी शिरते आणि मार्चपर्यंत तळी तळ दाखवू लागतात. एकाच शहरात पूर आणि कोरड ही दोन्ही संकटे का नांदतात, याचे उत्तर बरेचसे यातच आहे. जे पाणी सहा महिने मातीत राहून सावकाश वाफ होऊन शहराला गार ठेवू शकले असते, ते सहा तासांत शहराबाहेर निघून जाते.

४. जे. पी. नगरातील दोन तळी

पुट्टेनहळ्ळीच्या तळ्यावर नेमके हेच ओढवले होते. भोवताली वसाहती व उंच इमारती उठत गेल्या, पाण्याचे जुने मार्ग तुटले, तळे आटले आणि त्यात राडारोडा व कचरा पडू लागला. शेजारी राहणाऱ्या काही नागरिकांना हे पाहवेना. लेखिका उषा राजगोपालन यांच्या पुढाकाराने त्यांनी २०१० साली एक विश्वस्त संस्था स्थापन केली. तत्कालीन महानगरपालिकेने तळ्यातील गाळ काढला, काठ बांधून दिला. आणि २०११ साली देखभालीचे काम या संस्थेकडे करार करून सोपवण्यात आले. काठावर झाडे लावली गेली. पक्षी परतू लागले.

तळे तर स्वच्छ झाले, पण ते भरायचे कशाने? पाणलोट क्षेत्र सिमेंटखाली गेलेले, पाट तुटलेले. पावसाळा जेमतेम झाला की तळे पुन्हा आटण्याच्या वाटेला लागे. कष्टाने दुरुस्त करून घेतलेला माठ घरात आहे आणि विहिरीवर जाण्याचा रस्ताच बंद झाला आहे, अशी ही अवस्था होती. अखेर २०१५ साली एक वेगळी वाट काढण्यात आली. शेजारच्या एका मोठ्या गृहसंकुलातील सांडपाणी तेथील यंत्रणेत शुद्ध केल्यावर तळ्याकडे वळवण्यात आले. तळ्यात पोहोचण्यापूर्वी ते पाणवनस्पती लावलेल्या वाफ्यांतून झिरपत येते, आणि त्यातील उरलेली अशुद्धी बरीचशी तेथे अडते. ज्या इमारतींनी तळ्याकडे येणारे पाणी तोडले, त्यांच्याच न्हाणीघरांतील पाणी आता तळ्याला पोसते. निसर्गाची जुनी व्यवस्था परत आली असे मात्र म्हणता येत नाही. यंत्र बंद पडले किंवा कोणी लक्ष द्यायचे सोडले तर हा पाट कोरडा पडेल. तरीही उपाय म्हणून तो शहाणपणाचा आहे, असे प्रस्तुत लेखकाला वाटते. शुद्ध न करता सांडपाणी सोडले तर काय होते, हे याच शहरातील बेळ्ळंदूर तळ्याने दाखवले आहे. त्याच्यावर फेसाचे ढीग साचले आणि २०१७ व २०१८ साली त्याला चक्क आग लागली.

दुसरे तळे सारक्कीचे. हे आकाराने मोठे, सुमारे ८२ एकरांचे. याच्या बाबतीत तळ्याच्या पात्रातच घरे उभी राहिली. प्रकरण उच्च न्यायालयात गेले. न्यायालयाच्या आदेशावरून एप्रिल २०१५ मध्ये जिल्हा प्रशासनाने दीडशेहून अधिक बांधकामे पाडून सुमारे ३२ एकर जमीन मोकळी केली.

वाचायला हे एक वाक्य आहे. पण त्या घरांत माणसे राहत होती. आयुष्यभराची पुंजी घालून, कर्ज काढून, कागदपत्रे खरी आहेत असे समजून ज्यांनी ती घेतली, त्यांच्यापैकी कित्येकांना आपण तळ्यात राहतो याची कल्पनाही नसावी. जमीन विकणारा निघून गेला होता. घर गेले ते घेणाऱ्याचे. तळे वाचवावे, हे म्हणणे योग्यच आहे. पण ते तीस वर्षे उशिरा म्हटले तर त्याची किंमत कोणाला मोजावी लागते, हेही सारक्कीच्या काठावर दिसले. वीज व पाण्याची जोडणी आणि कराची पावती ही मालकीची किंवा कायदेशीरपणाची खूण नसते, हे घर घेणाऱ्या प्रत्येकाने जाणून घेण्यासारखे आहे. भूमापन कार्यालयातील जुना गावनकाशा अवश्य पाहावा. त्यात तळे, ओढे आणि पाट रेखलेले असतात.

पाठगत प्रश्न ३
(अ) पुट्टेनहळ्ळीचे तळे स्वच्छ झाल्यावरही कोणती अडचण उरली?
(आ) पाणलोट क्षेत्र म्हणजे काय?

५. उष्णता कोणाच्या वाट्याला येते

बंगळुरू हे एके काळी पंख्याशिवाय झोपता येणारे शहर म्हणून प्रसिद्ध होते. निवृत्तीनंतर तेथे जाऊन राहण्याची इच्छा पुष्कळजण बोलून दाखवत. त्याच शहरात एप्रिल २०१६ मध्ये पारा ३९.२ अंशांवर गेला, आणि २०२४ च्या एप्रिलअखेरीस तो पुन्हा ३८.५ अंशांवर पोहोचला. २०२४ चा तो उन्हाळा कूपनलिका आटल्यामुळे व टँकरच्या रांगांमुळेही लोकांच्या स्मरणात आहे. या तापमानवाढीचे सगळे खापर तळ्यांच्या नाशावर फोडता येणार नाही. पृथ्वीचे एकूण तापमान वाढते आहे आणि एल निनोसारख्या घटनांचाही त्या दोन वर्षांत वाटा होता. पण जागतिक तापमान एखाद्या वसाहतीला आपल्या हाताने कमी करता येत नाही. आपल्या गल्लीतील माती, झाडे आणि पाणी यांविषयी मात्र तिला काही ठरवता येते.

आणि उष्णता सर्वांना सारखी लागत नाही. इमारतीच्या पायाभरणीवर काम करणारा गवंडी, डांबर अंथरणारी मजूर बाई, दारोदार सामान पोहोचवणारा मुलगा, पत्र्याच्या खोलीत दुपारी शिवणयंत्र चालवणारी स्त्री यांना दिवसाच्या उन्हातून सुटका नसते. दिवसा तापलेल्या शरीराला रात्री विसावा मिळाला तर ते सावरते. पत्र्याच्या व काँक्रीटच्या दाट वस्तीत रात्रही गार होत नाही, आणि झोप न झालेला माणूस दुसऱ्या दिवशी पुन्हा उन्हात उभा राहतो. उष्माघाताच्या नोंदीत हा थकवा येत नाही, पण मजुरीच्या बुडालेल्या दिवसांत तो येतो. तळ्याकाठचे झाड, मोकळी माती, वाहता वारा या गोष्टी ज्यांच्या घरी यंत्र नाही त्यांच्या अधिक उपयोगाच्या आहेत. म्हणूनच तळे सुशोभित करताना काठावर सर्वत्र फरशी बसवणे, दिव्यांचे खांब उभारणे आणि प्रवेशशुल्क लावून दुपारी दार बंद ठेवणे, या पद्धतीचा पुनर्विचार व्हायला हवा. दुपारी बाराला ज्याला सावलीची गरज आहे, तो सकाळी सहाला फिरायला येत नाही.

शब्दार्थ
वाफारा – गरम वाफेचा झोत
सांडवा – तळे भरल्यावर जादा पाणी वाहून जाण्याची वाट
पात्र – तळ्याचा किंवा नदीचा पाण्याखाली येणारा भाग
राडारोडा – बांधकामाचा टाकाऊ माल
खापर फोडणे – दोष देणे
कासावीस होणे – अस्वस्थ, व्याकूळ होणे

स्वाध्याय
१. ‘तळ्याला धक्का न लावतादेखील ते मारता येते’ या विधानाचे स्पष्टीकरण पाठाच्या आधारे करा.
२. वातानुकूलन यंत्र व तळे यांच्या उष्णता हलवण्याच्या रीतींत कोणता फरक आहे?
३. सारक्की येथील घरे पाडण्याच्या घटनेविषयी तुमचे मत दहा ओळींत लिहा. घर गमावणाऱ्यांची व तळे वाचवू पाहणाऱ्यांची, अशा दोन्ही बाजू विचारात घ्या.
४. तुमच्या परिसरातील ज्या ठिकाणांच्या नावांत तळे, डोह, बारव, कुंड, टँक किंवा ओढा असे शब्द येतात, त्यांची यादी करा. त्यांपैकी किती ठिकाणी आज पाणी आहे? घरातील किंवा शेजारच्या वृद्ध व्यक्तीला विचारून एका ठिकाणाची माहिती लिहून काढा.
५. कृती : सारख्या आकाराच्या दोन मातीच्या कुंड्या घ्या. एकीत ओली माती व दुसरीत पूर्ण कोरडी माती भरा. दोन्ही सकाळी दहा ते दुपारी दोनपर्यंत उन्हात ठेवा. त्यानंतर दोन्हींच्या मातीला हात लावून पाहा आणि जाणवलेला फरक कारणासह वहीत लिहा. सूर्यास्तानंतर दोन तासांनी हीच तपासणी घराबाहेरील सिमेंटच्या पायरीवर व झाडाखालच्या मातीवर करा.

पाठगत प्रश्नांची उत्तरे
१. (अ) पाण्याचा मुख्य पाट. (आ) पिण्यासाठी व शेतीसाठी तळ्यांवर अवलंबून राहण्याची गरज उरली नाही, त्यामुळे ती रिकामी जागा वाटू लागली.
२. (अ) काँक्रीट. (आ) उपग्रह जमीन, छप्पर, पाणी यांच्या पृष्ठभागाचे तापमान मोजतो. हवामान केंद्र सावलीतील हवेचे तापमान मोजते.
३. (अ) भोवतालची जमीन बांधकामाखाली गेल्याने व पाण्याचे मार्ग तुटल्याने तळे भरण्यास पुरेसे पाणी मिळेना. (आ) ज्या क्षेत्रावर पडलेल्या पावसाचे पाणी वाहत किंवा झिरपत एखाद्या तळ्यात येते, ते त्या तळ्याचे पाणलोट क्षेत्र होय.